बर्गंडीची परवडणारी वाइन: लेबलाच्या तळाचा पत्ता वाचून बाटली कशी निवडावी

बर्गंडीचं नाव बातम्यांत येतं ते लिलावात लाखोंना जाणाऱ्या बाटल्यांमुळे. त्या बाटल्या 'ग्राँ क्रू' या सर्वांत वरच्या वर्गातल्या. प्रदेशाच्या एकूण उत्पादनात या वर्गाचा वाटा जेमतेम १ टक्का. त्याखालच्या 'प्रमिए क्रू'चा वाटा सुमारे १० टक्के आणि गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त. उरलेली निम्मी वाइन सगळ्यांत खालच्या, 'प्रादेशिक' वर्गातली. हा लेख त्या निम्म्या भागाबद्दल आणि त्याला लागून असलेल्या काही दुर्लक्षित गावांबद्दल आहे.

गोंधळ सगळ्यात जास्त याच वर्गात आहे. 'बुर्गोन्य' (बर्गंडीचं फ्रेंच नाव) एवढंच लिहिलेली ८ युरोची पाणचट बाटली मिळते आणि तेच नाव लिहिलेली २५ युरोची, दीडपट किमतीच्या गाववाइनला भारी पडणारी बाटलीही मिळते. मोठ्या अक्षरांवरून दोघींतला फरक कळत नाही. तो कळतो तळाशी बारीक टायपात छापलेल्या, बाटली भरणाऱ्याच्या पत्त्यावरून. खाली दिलेल्या किमती फ्रान्समधल्या दुकानांतल्या आणि अंदाजे आहेत. लंडन किंवा न्यू जर्सीत त्या दीडपट धरा. भारतात किती धरायच्या ते आयात शुल्क आणि राज्याचा अबकारी कर ठरवतात.

१. आधी नकाशा

उत्तरेकडून खाली या. दिजाँ शहराच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर शाब्ली आणि ओसेर यांचा थंड पट्टा आहे. दिजाँपासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीची, बहुतांश पूर्वेला तोंड केलेली उतरण म्हणजे कोत दॉर. तिचा वरचा भाग कोत द न्वी, जिथे जवळजवळ सगळी रेड. खालचा भाग कोत द बोन, जिथे रेडही आणि जगात सगळ्यांत महाग व्हाइटही. या उतरणीच्या मागे, पश्चिमेला, ३०० ते ४०० मीटर उंचीवर ओत-कोतच्या टेकड्या. कोत दॉर संपली की कोत शालोनेज, आणि अगदी दक्षिणेला, ऊबदार, माकोने.

द्राक्षांचे वाण मोजून चार लक्षात ठेवा. रेडसाठी पिनो न्वार, व्हाइटसाठी शार्दोने, आणि त्यांच्या सावलीत राहिलेले दोन: व्हाइट देणारं आलिगोते आणि रेड देणारं गामे. उत्तरेला सें-ब्री नावाचं एक गाव सोव्हिन्यों ब्लां पिकवतं, पण तो अपवाद.

कोत दॉरमधून एक रस्ता उत्तर-दक्षिण जातो, डी ९७४. पूर्वी त्याला एन ७४ म्हणत आणि जुने लोक अजून तेच म्हणतात. ढोबळमानाने रस्त्याच्या पश्चिमेला चढ सुरू होतो आणि तिथे गाव, प्रमिए क्रू, ग्राँ क्रू अशा जमिनी. पूर्वेच्या सपाट, खोल, चिकणमातीच्या जमिनीतली द्राक्षं बहुतेक 'बुर्गोन्य' म्हणून विकली जातात. पण रेषा कुठेतरी ओढावीच लागते आणि रेषेच्या चार ओळी अलीकडचा वेल पलीकडच्या वेलापेक्षा फार वेगळा नसतो. मर्सो, पुलिन्यी, शाँबोल, व्होल्ने या गावांतले चांगले शेतकरी आपल्या अशा सीमेवरच्या तुकड्यांतून प्रादेशिक वाइन करतात, त्याच हातांनी आणि बऱ्याचदा त्याच तळघरात. आपण शोधतोय ती मुख्यतः ही बाटली.

२. रंगावरून अपेक्षा ठरवा

नवख्याने व्हाइटपासून सुरुवात करावी. शार्दोने जरा जास्त पीक घेतलं तरी सावरतं. चव थोडी पातळ होते, पण वाइन पिण्याजोगी राहते. पिनो न्वारला हे जमत नाही. साल पातळ, घड घट्ट, त्यामुळे पावसात कूज लवकर लागते. पीक वाढवलं की आधी रंग जातो, मग गाभा जातो, आणि हातात राहतं आंबट, किंचित कडवट लाल पाणी. म्हणूनच १२ युरोत चांगली व्हाइट सहज मिळते, तर त्याच पैशात चांगली पिनो न्वार मिळणं हा योगायोग समजावा. रेडसाठी १६ ते २५ युरोंची तयारी ठेवा. ती नसेल तर पिनोचा हट्ट सोडून गामे असलेल्या बाटलीकडे वळा.

३. व्हाइट कुठे शोधायची

पहिला थांबा माकोने. इथे तीन नावं दिसतील. नुसतं 'माकों', त्याच्या वर 'माकों-व्हिलाज', जी फक्त व्हाइट असते, आणि 'माकों'ला जोडून एखाद्या गावाचं नाव: माकों-लुन्यी, माकों-व्हेर्झे, माकों-इजे, माकों-मिली-लामार्तिन. अशी २७ गावं आहेत. माकों-व्हिलाज ९ ते १४ युरो, गावाचं नाव जोडलेली १२ ते २०. या तीन ते सहा युरोंच्या फरकात जेवढी सुधारणा मिळते तेवढी बर्गंडीत दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून दोन्ही समोर असतील तर गावाचं नाव असलेली उचला. मर्सोच्या लाफों घराण्याने १९९९ मध्ये मिली-लामार्तिनला जमीन घेतली, पुलिन्यीच्या लफ्लेव्हने काही वर्षांनी व्हेर्झेत. दोघांच्याही घरच्या बाटल्या सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेलेल्या आहेत. त्यांनी इथे यावं यातच या जमिनीबद्दलचं मत आलं. त्यांची माकोंही आता स्वस्त राहिलेली नाही, पण शेजारच्यांची आहे. लुन्यीची सहकारी संस्था मोठ्या प्रमाणावर, स्वच्छ, लाकडाचा वास नसलेली वाइन करते. पहिल्या बाटलीसाठी तीही चालेल.

माकोनेतलंच पुयी-फ्विसे हे गावनाव २०२० च्या हंगामापासून २२ जमिनींना प्रमिए क्रूचा दर्जा मिळाल्यावर आणखी महागलं. त्याला चिकटून असलेली सें-व्हेराँ आणि थोडं उत्तरेकडचं विरे-क्लेसे मागे राहिली. १४ ते २२ युरोंत भरदार, पिकल्या फळाची, तरी आम्लता शाबूत असलेली शार्दोने हवी असेल तर ही दोन नावं पाठ करा.

दुसरा थांबा कोत शालोनेज. माँतान्यी फक्त व्हाइट करतं. रुयी दोन्ही करतं, पण त्याची व्हाइट जास्त भरवशाची. ब्युक्सीची सहकारी संस्था माँतान्यीतली मोठी उत्पादक आणि तिच्या किमती अजून जमिनीवर आहेत.

आलिगोतेबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच पैशाचं सर्वाधिक मोल मिळतं आणि इथेच सगळ्यांत जास्त लोक तोंड वाकडं करून परत जातात. हे द्राक्ष मुळात आंबट. पीक जास्त घेऊन आणि कच्चं तोडून केलेली आलिगोते ही 'कीर'साठीच बरी: तळाला काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या कासिस या फळाचं गोड मद्य, वर नऊ भाग थंड आलिगोते. दिजाँचे महापौर फेलिक्स कीर पाहुण्यांना हेच द्यायचे, नाव त्यांचंच पडलं. मात्र उतरणीवरच्या जुन्या वेलींची, नीट पिकू दिलेली आलिगोते वेगळीच निघते: लिंबाची साल, खारटसर शेवट, जिभेला धार. बूझरों हे कोत शालोनेजमधलं गाव खास आलिगोतेसाठीच स्वतःचं नाव मिळवून बसलं आहे. तिथल्या ए. ए पी. द व्हिलेन या मळ्याची बाटली मापदंड म्हणून चाखावी. रोमाने-काँती या बर्गंडीतल्या सर्वांत प्रसिद्ध मळ्याचा कारभार अनेक दशकं सांभाळणारे ओबेर द व्हिलेन यांचा हा मळा. मार्सनेचे सिल्व्हें पाताय आणि सें-ब्रीचं ग्वासो घराणंही आलिगोते मनापासून करतात. साधी आलिगोते १० युरोंच्या आसपास, अशी मन लावून केलेली १५ ते २०.

उत्तरेची व्हाइट म्हणजे शाब्ली. तिची धाकटी 'पती शाब्ली' ११ ते १६ युरोंत मिळते आणि उन्हाच्या वर्षांत खरंच चांगली असते. थंड वर्षात ती दातांना आंबते. ला शाब्लिझिएन ही १९२३ ची सहकारी संस्था दोन्ही सातत्याने बरी करते.

४. रेड कुठे शोधायची

नुसती 'बुर्गोन्य' रेड घ्यायची असेल तर ती कोणत्या गावातल्या शेतकऱ्याने भरली आहे ते पाहिल्याशिवाय घेऊ नका. त्या नावाखाली शाब्लीच्या परिसरापासून माकोंपर्यंत कुठलीही द्राक्षं येऊ शकतात. २०१७ च्या हंगामापासून 'बुर्गोन्य कोत दॉर' असं नवं नाव आलं. त्यातली द्राक्षं फक्त त्या पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यातली असतात. नाव नवं म्हणून किमतीत दोन-तीन युरोंची भर पडली आहे, पण ती द्यायला हरकत नाही.

ओत-कोतची दोन नावं आहेत: ओत-कोत द न्वी आणि ओत-कोत द बोन. उंचीमुळे इथे द्राक्षं खालच्या उतरणीपेक्षा उशिरा पिकतात. तीस वर्षांपूर्वी इथल्या रेड बहुतेक वर्षी कच्च्या, पानांच्या वासाच्या असत आणि जुनी पुस्तकं अजून तेच सांगतात. हवामान तापल्यापासून हिशोब उलटला आहे. उन्हाळा कडक असतो त्या वर्षी इथली वाइन खालच्यांपेक्षा ताजी निघते. १५ ते २५ युरो.

कोत शालोनेजमध्ये मेर्क्यूरे आणि जिव्री. मेर्क्यूरे थोडी रांगडी, तुरट. जिव्री अधिक मऊ, चेरीच्या चवीची. दोन्ही गाववाइन असून किंमत कोत दॉरच्या चांगल्या प्रादेशिक रेडएवढीच, २० ते ३० युरो. शेजारच्या जमिनींतून येणारी 'बुर्गोन्य कोत शालोनेज' १३ ते १८. कोत द बोनच्या अगदी दक्षिण टोकाला मारांज आहे. तिथली रेड तरुणपणी आडदांड वाटते, तीन-चार वर्षं थांबल्यावर माणसाळते. उत्तरेला ओसेरच्या पट्ट्यात इरांसी, शित्री, एपिनय ही नावं. हलक्या रंगाची, आंबट चेरीसारखी, थंड करून प्यायची रेड. इरांसीत कधी सेझार नावाचं काळपट, तुरट स्थानिक द्राक्ष थोडं मिसळलेलं असतं.

त्याहून स्वस्त दोन नावं आहेत. 'पास-तू-ग्रें' म्हणजे पिनो न्वार (किमान ३० टक्के) आणि गामे (किमान १५ टक्के) एकत्र केलेली रेड; व्होल्ने किंवा व्होन-रोमानेच्या एखाद्या मळ्याने आवडीने केलेली मिळाली तर सोडू नका, १२ ते १६ युरोंत गंमत आहे. 'कोतो बुर्गिन्यों' हे २०११ पासूनचं सैल नाव. त्यात दक्षिणेकडच्या बोजोलेची गामे मोठ्या प्रमाणावर खपवली जाते. ७ ते १० युरोंची रोजच्या जेवणासोबतची रेड म्हणून ठीक, पण बर्गंडीची पिनो चाखायची म्हणून हीच घेतली तर फसगत होईल.

५. लेबल वाचा, खालून वर

आंब्याच्या पेटीवर नुसतं 'हापूस' असतं तेव्हा आपण 'कुठला? कुणाच्या बागेतला?' असं विचारतो. इथेही तोच प्रश्न विचारायचा, फक्त उत्तर कागदावर छापलेलं असतं.

सगळ्यांत खाली बाटली कुणी भरली ते असतं. 'मी आं बुतेय ओ दोमेन' किंवा 'आ ला प्रॉप्रिएते' म्हणजे पिकवणाऱ्याने किंवा त्यांच्या सहकारी संस्थेने भरलेली. 'दां नो काव्ह' ('आमच्या तळघरात') किंवा 'पार' आणि पुढे एखादं नाव म्हणजे बहुधा व्यापाऱ्याने माल विकत घेऊन भरलेली. व्यापारी वाईट असतो असं नाही. जादो, द्रुअँ, फेव्हले, बिशो, लुई लातूर ही बोन आणि न्वीची जुनी घराणी स्वतःच्या नावाला जपतात आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांत बर्गंडी सापडली तर बहुधा यांचीच असते. धोका असतो तो कधीही न ऐकलेल्या, शाही वाटणाऱ्या नावांचा, ज्यांच्यामागे सुपरमार्केटसाठी बाटल्या भरणारा कारखाना असतो.

त्यानंतर पिनकोड. २१ ने सुरू होणारा म्हणजे कोत दॉर जिल्हा, ७१ म्हणजे कोत शालोनेज आणि माकोने, ८९ म्हणजे शाब्ली-ओसेर, ६९ म्हणजे बोजोले. आणखी बारकावा हवा तर: २११९० मध्ये मर्सो, पुलिन्यी, व्होल्ने, २१२२० मध्ये झव्रे-शाँबेर्तें, शाँबोल, २१७०० मध्ये न्वी-सें-जॉर्ज, व्होन-रोमाने, ७१६४० मध्ये जिव्री, मेर्क्यूरे. साध्या 'बुर्गोन्य' व्हाइटवर 'ओ दोमेन' आणि २११९० दिसलं की बाटली हातात धरून विचार करण्याजोगी आहे. २१२०० म्हणजे बोन शहर, तिथे बरेचसे व्यापारी. पिनकोड बाटली भरणाऱ्याचा असतो, मळ्याचा नव्हे, म्हणून तो 'ओ दोमेन'सोबतच वाचायचा. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांच्या टोपणावर गोल शिक्का असतो. त्यावर रोमन 'आर' असेल तर पिकवणारा, 'एन' असेल तर व्यापारी. निर्यातीच्या बाटलीवर तो सहसा नसतो.

मग नाव, आणि ते संपूर्ण वाचा. फ्रेंच वारसाहक्काने जमिनी भावंडांत वाटल्या गेल्यामुळे मोरे, ग्रो, ब्वायो, कोलें या आडनावांचे अनेक मळे आहेत आणि त्यांची प्रत सारखी नाही. आडनाव प्रसिद्ध म्हणून चुलतभावाची बाटली घेणं ही हमखास होणारी चूक. एकाच घराण्याचं 'दोमेन' आणि 'मेझों' वेगळं असू शकतं: पहिल्यात स्वतःची द्राक्षं, दुसऱ्यात विकत घेतलेली.

काही शब्दांकडे सरळ दुर्लक्ष करा. 'व्हिएय व्हीन्य' म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या हे कायदा सांगत नाही. 'ग्राँ व्हें द बुर्गोन्य' हा नुसता शृंगार आहे. त्याचा ग्राँ क्रूशी संबंध नाही. जड बाटली, मेणाचं टोपण, सोनेरी पदक यांचे पैसे तुम्हीच भरता.

६. वर्ष

नियम एकच: उन्हाच्या वर्षी थंड जागेची वाइन घ्या, थंड वर्षी ऊबदार जागेची. २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ ही उन्हाची वर्षं. यांत ओत-कोत, ओसेर, पती शाब्ली बेधडक घ्यावी. २०२१ मध्ये एप्रिलच्या दहिवराने कोंब जळाले, विशेषतः शार्दोनेचे, म्हणून त्या वर्षीच्या व्हाइट थोड्या आणि महाग. रेड हलक्या, जुन्या वळणाच्या. नाजूक रेड आवडणाऱ्यांना त्या आवडतात, पण ओत-कोतची टाळावी. २०२३ ला पीक प्रचंड आलं. व्हाइट उत्तम, भाव जरा नरमले. रेड मात्र ज्यांनी घड विरळ केले त्यांच्याच चांगल्या, बाकीच्या पातळ. २०२४ ला पाऊस आणि केवडा रोगाने पीक घटलं, कोत द न्वी आणि शाब्लीत तर फारच. त्या वर्षी ओळखीच्या मळ्याबाहेर रेड घेऊ नये, माकोनेकडे वळावं.

स्वस्त वाइन जुनी झाली की सुधारते हा समज इथे महागात पडतो. माकों आणि आलिगोते हंगामापासून दोन ते चार वर्षांत, साधी 'बुर्गोन्य' व्हाइट पाच वर्षांपर्यंत, प्रादेशिक रेड तीन ते सहा वर्षांत संपवावी. दुकानात सात वर्षं जुनी माकों सवलतीत दिसली तर ती सवलत कशामुळे आहे ते उघड आहे.

७. क्रेमां

बर्गंडीची फेसाळ वाइन, शँपेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, किमान नऊ महिने यीस्टच्या गाळावर ठेवलेली. ९ ते १५ युरो. लेबलावर 'एमिनां' असेल तर गाळावर २४ महिने, 'ग्रां एमिनां' असेल तर ३६. सें-ब्रीजवळच्या जुन्या दगडखाणीत बाटल्या मुरवणारी बायी-लापिएर ही सहकारी संस्था सुरुवातीला पुरे. बटाटेवडा किंवा कांदाभजीसोबत क्रेमां जेवढी जमते तेवढी यादीतली दुसरी कुठलीच वाइन जमत नाही.

८. खरेदी

एका जातीच्या सहा बाटल्या एकदम घेऊ नका. आधी तीन वेगवेगळ्या घ्या: एक गावनाव जोडलेली माकों, एक मळ्याने भरलेली आलिगोते, एक ओत-कोत किंवा जिव्रीची रेड. साधारण पन्नास युरोंत हा संच होतो. आवडली तिच्या पुन्हा तीन-सहा घ्या आणि उत्पादकाचं पूर्ण नाव लिहून ठेवा, कारण पुढच्या खेपेला नाव हेच कामाला येतं. फ्रान्समध्ये सप्टेंबरात सुपरमार्केटांत 'फ्वार ओ व्हें' (वाइनचे मेळे) भरतात. पहिल्या दिवशी गेलात तर मळ्यांनी भरलेल्या बाटल्या सापडतात, आठवड्याने उरते ती व्यापारी भरती. इतर देशांत ज्या दुकानदाराकडे बर्गंडीचे पाच-सहा छोटे मळे आहेत त्याला बजेट स्पष्ट सांगा आणि 'नावाजलेल्या मळ्याची प्रादेशिक वाइन आहे का' असं विचारा. अशी बाटली कपाटात क्वचित दिसते. वरच्या वाइनच्या गिऱ्हाइकांसाठी मागे ठेवलेली असते.

भारतात आणखी एक तपासणी करा. टोपणाखाली चिकट ओघळ, किंवा बूच बाटलीच्या तोंडावर उचललेलं दिसलं तर वाइन उन्हात तापली आहे. व्हाइटचा रंग वर्षाच्या मानाने गडद सोनेरी असेल तरीही नकोच.

९. उघडताना

तीस अंशांच्या खोलीत पिनो न्वार उघडली तर दारूचा वास वर येतो आणि फळ हरवतं. रेड १४ ते १६ अंशांवर प्यायची. त्यासाठी फ्रिजमध्ये सुमारे दीड तास, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत १५ मिनिटं. व्हाइट उलट, फ्रिजमधून काढल्या काढल्या फार गार असते. माकों आणि 'बुर्गोन्य' व्हाइटला ११ ते १३ अंश हवेत, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढा. आलिगोते ९-१० वर, क्रेमां ६ ते ८ वर. पेला पोटाला रुंद, तोंडाला थोडा निमुळता, आणि एक तृतीयांशच भरायचा.

उघडल्यावर काय बिघडलेलं असू शकतं? भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बुचाचा दोष. हवा देऊन तो जात नाही, बाटली परत करा. काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास मात्र घाबरण्यासारखा नाही: वाइन हवेविना कोंडलेली आहे, दुसऱ्या भांड्यात ओतून वीस मिनिटं थांबा. व्हाइटला चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी छटा असेल तर ती हवेने म्हातारी झाली आहे. बुचाला चिकटलेले काचेसारखे कण निरुपद्रवी असतात. उरलेली वाइन, रेडसुद्धा, बूच लावून फ्रिजमध्ये. रेड दोन दिवस, व्हाइट तीन.

तिखट हा पिनोचा शत्रू आहे, तुरटपणा आणि दारू दोन्ही भडकतात. तळलेल्या बोंबलासोबत किंवा सुरमईच्या तुकडीसोबत आलिगोते, नारळाच्या दुधातल्या सौम्य रश्शासोबत सें-व्हेराँ. रेडसाठी मशरूम, भाजलेलं चिकन, कमी मसाल्याचं मटण. तांबड्या रश्शासमोर बर्गंडी उघडू नये, बिअर उघडावी.

१०. तिथे गेलात तर

पॅरिसहून वेगवान गाडी दीडेक तासात दिजाँला पोचवते, तिथून बोन लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. लहान मळे दुकानासारखे उघडे नसतात. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करून वेळ घ्या. बारा ते दोन सगळं बंद, आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणीच्या धांदलीत विचारूच नका. चाखताना थुंकदाणीत थुंकणं असभ्य नाही, अपेक्षित आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. मळ्याची महाग वाइन 'संपली' असं सांगतील. तेव्हा नाराज न होता 'बुर्गोन्य आहे का?' विचारा. पुष्कळदा असते, आणि तिची किंमत दुकानापेक्षा कमी असते. चाखायला दिल्यावर निदान एक-दोन बाटल्या घेण्याची रीत आहे.

भारतात परतताना शुल्काविना प्रवाशामागे २ लिटर मद्य आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर एखादी ३७५ ची अर्धी. एवढ्याच जागेत माकों-व्हिलाज भरू नका, तसली वाइन इथेही मिळते. लहान मळ्याची आलिगोते आणि ओत-कोतची रेड आणा. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. घरी आल्यावर दोन आठवडे हलवू नका, आणि एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरातल्या फडताळाऐवजी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा.